दाजींचे गुंठे आणि माझा आर

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या टेलला ऊस करतात. टेलला शेती करणाऱ्या माणसाचं जगाविषयी एकच मत असतं: जे काही यायचं असतं ते वरचे लोक अडवतात. पाणी तर अडवतातच. पण एसटी उशिरा आली, पाऊस पडला नाही, लग्नाची पत्रिका वेळेत पोचली नाही, तरी दाजी आधी वरच्या अंगाला बघतात. वरच्या अंगाला बारामती तालुका आहे. मी बारामतीत राहतो. त्यामुळे नात्याने मेव्हणा असलो तरी कालव्याच्या हिशेबाने मी वरचा, म्हणजे कायमचा संशयित.

तर हे दाजी ज्येष्ठ संपता संपता, तुकोबांची पालखी शारदा प्रांगणात मुक्कामाला होती त्या संध्याकाळी, दर्शन उरकून आमच्याकडे आले. चहा झाल्यावर त्यांनी चंची सोडली. पान निघालं, सुपारी निघाली, अडकित्ता निघाला, चुन्याची डबी निघाली आणि सगळ्यात शेवटी पेनड्राइव्ह निघाला. त्याच्या तोंडाला चुना लागला होता. तो त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्यापुढे ठेवला.

"पाव्हणं, एवढं जोडून द्या."

"काय जोडायचंय?"

"त्यांचं आन आमचं."

बारामतीत राहून अशी विनंती ऐकली की माणूस आधी दार लावून घेतो. पण दाजींच्या मनात तसलं काही नव्हतं. त्यांचा एक शेतकरी गट आहे. (आमच्याकडे 'गट' या शब्दाला किमान चार अर्थ आहेत. जमिनीचा गट नंबर, कारखान्याचं गट ऑफिस, शेतकऱ्यांचा गट हे तीन. चौथ्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, मला याच गावात राहायचं आहे.) त्या गटात बारामती आणि इंदापूर मिळून सव्वाशे शेतकरी. बारामतीच्या बाजूचे पुढारी दाजींचे व्याही. दोघांत गेली काही वर्षं एकच वाद चालू आहे: एकरी ऊस कुणाचा जास्त निघतो, वरच्यांचा की टेलच्यांचा? निकालासाठी पाच हंगामांच्या वजनकाट्याच्या पावत्या गोळा केल्या होत्या. बहुतेक ऊस बैलगाडीने गेलेला, म्हणजे खेप लहान आणि पावत्या उदंड. मोजून तीस हजार. दाजींच्या बाजूच्या पावत्या माझ्या भाच्याने मोबाइलवर भरल्या होत्या, व्याह्यांच्या बाजूच्या व्याह्यांच्या सुनेने. दोघांची अॅपं वेगळी, प्रत्येक पावतीची फाईल वेगळी. तीस हजार चिमुकल्या फायली चुन्याच्या डबीशेजारी बसून बारामतीला आल्या होत्या.

मी जरा शास्त्रात शिरलो. म्हटलं, "दाजी, एवढ्या सगळ्या कशाला? नमुना काढू. आपल्या साताऱ्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली जन्मले, पुढे जगभर नाव काढलं त्यांनी. त्यांनी आणि पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवून दिली. अख्खं शिवार मोजावं लागत नाही. चिठ्ठ्या टाकून थोडे तुकडे निवडायचे, तेवढेच कापून मोजायचे, अंदाज बरोबर येतो. तीनशे पावत्या पुरतील."

"आन राहिलेल्या काय बंबात घालू?" दाजी म्हणाले.

सुखात्म्यांचा विषय तिथे संपला.

"कशात करनार जोडणी?"

"आरमध्ये."

दाजींचा चेहरा उजळला. सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्येच लिहिलेलं असतं. शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर, शंभर आर म्हणजे एक हेक्टर. "आर म्हंजी गुंठाच की," ते म्हणाले. मी म्हटलं, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा असतो, आर शंभराचा. फरक एक चौरस मीटर आणि वर थोडा. यावर दाजी गंभीर झाले, कारण याहून कमी जागेसाठी बांधावरून कोर्टात गेलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत. त्यातल्या एका दाव्यात ते स्वतः वादी आहेत. मग त्यांना दुसरा आर आठवला, पराणीच्या टोकाला असतो तो, बैलाला टोचायचा खिळा. मला म्हणायचा होता तो तिसरा, आकडेशास्त्रवाल्यांच्या संगणकी भाषेचा आर. पण वापरून वापरून माझं मत असं झालं आहे की दाजींना आठवलेला दुसरा आरच तिच्या स्वभावाला जास्त जवळचा.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ही भाषा रचली. १९९३ साली ती लोकांसमोर आली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर आर, म्हणून भाषेचं नाव आर. शिवाय अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात जी भाषा केली होती तिचं नाव 'एस' होतं, तिच्यावरची ही कुरघोडीही होती. आरची पहिली पक्की आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० रोजी, त्यामुळे तिचा वाढदिवस चार वर्षांतून एकदा येतो. आणि ती फुकट आहे. हे शेवटचं मी दाजींना सांगायला नको होतं.

"फुकट हाय? म्हंजी वरच्यांनी वापरून झाल्याली असनार."

आकड्यांच्या रांगा आणि रकाने यांच्या चौकोनी तक्त्याला मॅट्रिक्स म्हणतात. भाचा पूर्वी हा शब्द घरात बोलला तेव्हा दाजींना वाटलं होतं की मॅट्रिकचं हे अनेकवचन. ते स्वतः मॅट्रिकला एकदाच बसले होते, त्यामुळे पोराबद्दल त्यांच्या मनात तेव्हापासून आदर आहे. असे दोन तक्ते एकाखाली एक जोडायचे तर आरमध्ये 'आरबाइंड' म्हणायचं आणि एकाशेजारी एक जोडायचे तर 'सीबाइंड'. आरबाइंडमधला आर पुन्हा वेगळा, तो रांगेचा. हा चौथा. मी तो दाजींपासून लपवून ठेवला.

काम सोपं होतं. मी आरला सांगितलं: एक रिकामा तक्ता घे. पहिली पावती उघड, तक्त्याखाली जोड. दुसरी उघड, जोड. अशा तीस हजार. भाषा शिकणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच लिहितो, आणि शिकवणाराही घाईत असला की हेच लिहितो. मी घाईत होतो, स्वयंपाकघरातून पिठल्याचा वास येत होता.

पहिल्या दोन हजार पावत्या उताराला लागलेल्या गाडीसारख्या गेल्या. पाच हजारांनंतर दम लागला. दहा हजारांनंतर लॅपटॉपचा पंखा असा काही घुमू लागला की दाजींबरोबर आलेल्या अक्काने, माझ्या बहिणीने, आतून विचारलं, गिरणी सुरू केली काय रे? दाजी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले होते आणि फायलींची नावं वाचत होते. नावं इंग्रजीत, म्हणून बारामतीच्या 'बी'वाल्या फायली आधी आणि इंदापूरच्या 'आय'वाल्या नंतर चालल्या होत्या.

"आमची पाळी कधी?"

मी समजावलं की यात माझा हात नाही, इंग्रजी बाराखडीच तशी आहे. मराठीत नावं दिली असती तर इ आधी आणि ब शेवटी आला असता. दाजींनी मान हलवली. कालवा ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात काढला होता. बाराखडीही त्यांचीच. त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी जुळल्या.

जेवणं झाली. हात धुऊन आलो तर बारामतीच्या पावत्या संपून इंदापूरची पहिली पावती उघडली होती आणि आर थांबला होता. पडद्यावर तांबड्या अक्षरांत निरोप होता, त्याचा मराठीत अर्थ एवढाच की ही नावं आधीच्या नावांशी जुळत नाहीत. व्याह्यांच्या सुनेने ज्या रकान्याला 'वजन' म्हटलं होतं त्याला माझ्या भाच्याने 'टनेज' म्हटलं होतं. एका शब्दासाठी तासाभराची मजुरी पाण्यात.

दाजींनी निरोपाचा अर्थ ऐकून घेतला. मग सुपारी कातरत, अजिबात आवाज न चढवता म्हणाले, "वरच्यांचं समदं घेतलं. आमचं आल्यावर गेट बंद."

मला उत्तर सुचलं नाही. पंचवीस वर्षं मी त्यांना सांगत आलो आहे की पाण्याच्या आवर्तनात राजकारण नसतं, कालव्याची लांबी आणि गळती असते. आता कुणी विश्वास ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी सणसरच्या वाटेला लागली आणि आम्ही दोघं दुपारपर्यंत काटेवाडीत पोचलो. तिथे पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढ्या पालखीभोवती धावतात, धुरळा उडतो, माणसं टाळ्या पिटतात. मी मात्र दिंड्या बघत होतो. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीला क्रमांक. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला. एवढ्या वर्षांत कुठल्या दिंडीने कुणाच्या मागे चालायचं हे ठरलेलं आहे. वाटेत माणसं येऊन मिळतात आणि चालू लागतात. आणि तिथे, धुरळ्यात, मला काल रात्रीचा माझा मूर्खपणा लख्ख दिसला.

आरमध्ये तक्ता एकदा तयार झाला की त्याची जागा तेवढीच असते. त्याला खाली एक रांग जोडायची म्हटलं तर तो जागच्या जागी लांबत नाही. आर आधीपेक्षा एका रांगेने मोठी नवी जागा शोधतो, जुना तक्ता पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत तिथे उतरवून काढतो, शेवटी नवी रांग लिहितो आणि जुना तक्ता टाकून देतो. पुढच्या पावतीला पुन्हा तेच. म्हणजे समजा, देहूहून पालखी निघाली. लोणी काळभोरला एक दिंडी येऊन मिळाली. की सगळ्यांनी देहूला परत जायचं, तिथे पहिल्यापासून ओळ लावायची, शेवटी नवी दिंडी उभी करायची आणि पुन्हा निघायचं. यवतला दुसरी मिळाली. पुन्हा देहू. वरवंडला तिसरी. पुन्हा देहू. काल रात्री मी माझ्या लॅपटॉपला हे करायला लावलं होतं, आणि वर विचारत होतो की तो तापला का.

हिशेब बोटांवर होतो. पहिल्या पावतीला एक रांग लिहायची, दुसरीला दोन, तिसरीला तीन, तीस हजाराव्या पावतीला तीस हजार. एक ते तीस हजारांची बेरीज: ४५ कोटी १५ हजार. तीस हजार रांगांचा तक्ता हवा होता आणि त्यासाठी पंचेचाळीस कोटी रांगा लिहून पुसायच्या होत्या. तलाठ्यालासुद्धा इतकं काम कुणी सांगत नाही.

मी उत्साहाने दाजींना हे सगळं सांगितलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "पालखी मागं फिरत न्हाई," ते म्हणाले आणि जरा लांब जाऊन उभे राहिले.

या पापाला शिक्षाही लिहून ठेवली आहे. पॅट्रिक बर्न्स नावाच्या आकडेशास्त्रज्ञाने आर वापरणाऱ्यांच्या चुकांवर 'द आर इन्फर्नो' नावाचं पुस्तक केलं आहे, दान्तेच्या नरकाच्या धर्तीवर. त्यात एकाखाली एक वर्तुळं आहेत, आणि तक्ता थोडा थोडा वाढवत नेणारे लोक दुसऱ्याच वर्तुळात सापडतात. म्हणजे फार खोल जावं लागत नाही, दारातून आत शिरलं की आम्ही. आपल्याकडे कुंभीपाकात वगैरे जायला निदान काही मोठं करावं लागतं.

उपाय काय, तर जोडायचंच नाही. निदान लगेच नाही. पावत्या एकेक उघडायच्या आणि एका यादीत नुसत्या टाकून ठेवायच्या, टोपलीत टाकाव्यात तशा. यादीत सुट्या गोष्टी सुट्याच राहतात, कुणाला कुणाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. सगळ्या जमल्या की एकदाच सांगायचं: ही घे अख्खी यादी आणि आरबाइंडच्या हवाली कर. त्यासाठी 'डू डॉट कॉल' असा शब्द आहे. मग आरबाइंड आधी एकूण रांगा मोजतो, तेवढी जागा एकदम घेतो आणि प्रत्येक पावती एकदाच लिहितो. तीस हजार पावत्या, तीस हजार रांगा. देहू एकदा, पंढरपूर एकदा.

किती रांगा होणार हे आधीच माहीत असेल तर आणखी एक रस्ता आहे: रिकामा तक्ता आधी पूर्ण मापाचा आखून ठेवायचा आणि भरत जायचं. लग्नात आपण हेच करतो. पत्रावळ्या आधी मांडतात, मीठ-लिंबू वाढतात, मग माणसं बसतात. एक पाहुणा आला म्हणून बसलेली पंगत उठवून शेजारच्या मांडवात कुणी नेत नाही, व्याही कितीही वरचे असले तरी.

खरं तर बारामतीकराला ही गोष्ट न्यूझीलंडवरून शिकायची गरज नव्हती. मोरोपंत (१७२९ ते १७९४) याच गावात, कऱ्हेकाठी राहिले. त्यांच्या ज्यांना आपण आर्या म्हणतो त्यातल्या बहुतेक गीती आहेत, ओळीला बारा आणि अठरा अशा तीस मात्रा. म्हणजे तीस खणांचा रिकामा तक्ता आधी समोर, मग भरणं. खण वाढवायचा नाही, रिकामा सोडायचा नाही. अशी १०८ रामायणं त्यांनी रचली असं सांगतात, आणि त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठ एकमेकांना न लावता म्हणता येईल असं. प, फ, ब, भ, म बंद. आता 'राम' या नावातच म आहे. रामाचं नाव न घेता रामायण लिहायची अट स्वतःवर घालून घेणारा माणूस ज्या गावात होऊन गेला, त्या गावात मी तीस हजार पावत्यांपुढे हात टेकले होते.

संध्याकाळी परत बसलो. तोवर भाच्याने फोनवरून स्वतःचा उपाय पाठवला होता. त्याच्या पिढीला उपाय कुठून मिळतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यात 'रिड्यूस' नावाची युक्ती होती, दिसायला एका ओळीची, देखणी. आत बघितलं तर तीही पावत्या एकाला एक जोडत जाते, म्हणजे पुन्हा देहू. फक्त नव्या कपड्यांत. मी त्याला तसं कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

आता राहिला नावांचा प्रश्न. शहाण्या माणसाने 'टनेज' खोडून 'वजन' लिहिलं असतं आणि पुढे गेला असता. मी काल रात्रीच्या 'गेट बंद'मुळे चिडलेलो होतो. म्हटलं, नावंच काढून टाकू. नावं विचारणारा तो 'डेटा फ्रेम' हा प्रकार असतो, दारावरचा वॉचमन. नुसती मॅट्रिक्स नावं विचारत नाही. रकाने सारखे आहेत ना, बसा. शिवाय वेगही जास्त. मी सगळ्या पावत्यांच्या मॅट्रिक्स केल्या.

पहिला झटका लगेच बसला. सगळे आकडे अवतरणचिन्हांत आले. मॅट्रिक्सचा एक नियम असा की तिच्यात सगळे आकडे तरी हवेत नाहीतर सगळे शब्द तरी. एक जरी शब्द शिरला तर सगळ्या आकड्यांचे शब्द होतात. नासका आंबा आणि अढी. शोधलं तर व्याह्यांच्या बाजूला वजनाच्या रकान्यात एका ठिकाणी लिहिलेलं: '२.४८० बैल बसला'. आणि तो २.४८० मराठी आकड्यांत! आरला देवनागरी आकडा आकडा वाटत नाही, अक्षर वाटतं. मी बैल उठवला, आकडे इंग्रजी केले, आणि यादी आरबाइंडच्या हवाली केली. डोळ्याचं पातं लवायच्या आत तीस हजार रांगांचा तक्ता तयार. पंखा फिरलासुद्धा नाही. दाजी म्हणाले, "झालं?" त्यांना फसवल्यासारखं वाटलं.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण उसवाल्याला ती पटकन कळेल. आपल्याला तक्ता चौकोनी दिसतो, पण संगणकाच्या पोटात चौकोन नसतो, एकच लांब सरी असते. आर त्या सरीत आधी पहिला रकाना वरपासून खालपर्यंत लावतो, तो संपला की लगेच दुसरा, मग तिसरा. ही सवय जुन्या फोरट्रान भाषेपासून चालत आली आहे. म्हणून शेजारी नवा रकाना जोडणं, सीबाइंड, म्हणजे सरीच्या शेवटी आणखी टिपऱ्या लावत जाणं. पण खाली नवी रांग जोडायची तर प्रत्येक रकान्याच्या शेवटी एकेक टिपरी घुसवावी लागते, आणि मधे जागाच नसल्याने पुढची सगळी लागण सरकवावी लागते. आरबाइंडच्या अंगाला जास्त घाम येतो तो यामुळे. दाजींनी हे ऐकून पहिल्यांदाच आरविषयी सहानुभूती दाखवली. "मजुरीबी मिळत न्हाई त्याला," म्हणाले.

मग बेरजा काढल्या. शेतकऱ्याप्रमाणे क्षेत्र, शेतकऱ्याप्रमाणे वजन. दाजींची रांग शोधली आणि मोठ्याने वाचलं: क्षेत्र अडीच गुंठे, ऊस अठराशे टन.

खोलीत शांतता पसरली. अक्का दारात येऊन उभी राहिली.

"पुन्यांदा वाचा," दाजी म्हणाले.

वाचलं. अडीच गुंठ्यांत अठराशे टन. मनात एकराला गुणून पाहिलं: एकरी अठ्ठावीस हजार आठशे टन. दिवसाला अडीच हजार टन गाळणारा कारखाना असा एक एकर ऊस गाळायला साडेअकरा दिवस घेईल. मी म्हटलं, "दाजी, कुठंतरी चुकलंय."

"कशावरून?"

"अहो, अडीच गुंठ्यांत एवढा ऊस उभा तरी राहील का?"

"खत घातल्यालं हाय आमी." आणि लगेच, "याची प्रिंट काढा. व्याह्यांस्नी दावू."

मी थांबवेपर्यंत व्याह्यांना फोन लागलाही होता. पलीकडून काय उत्तर आलं ते छापण्यासारखं नाही, सोयरिकीत चालतं.

चूक अर्थात माझी. व्याह्यांच्या सुनेच्या फाईलीत आधी क्षेत्र, मग वजन. भाच्याच्या फाईलीत आधी टनेज, मग क्षेत्र. डेटा फ्रेम काल रात्री ओरडून हेच सांगत होती की नावं जुळत नाहीत, आणि मी वॉचमनलाच काढून टाकला. मॅट्रिक्स नाव बघत नाही, जागा बघते. त्यामुळे इंदापूरच्या प्रत्येक शेतकऱ्याचं क्षेत्र वजनाच्या रकान्यात जाऊन बसलं आणि एका खेपेचं वजन क्षेत्राच्या. दाजींचं दीड एकर म्हणजे साठ गुंठे, तीस खेपा, झाले अठराशे 'टन'. आरने एक अक्षर तक्रार केली नाही. थांबलेला आर त्रास देतो खरा, पण न थांबलेला आर सोयरीक मोडू शकतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

रात्री नीट केलं. रकान्यांना एकच नाव दिलं, गुंठे आणि एकर एका मापात आणले, आणि 'डेटा टेबल' नावाच्या पॅकेजात यादी एकदम जोडणारा 'आरबाइंडलिस्ट' आहे त्याला नावानेच जुळव असं बजावून काम करून घेतलं. तेही क्षणात झालं. नावंही राहिली आणि वेगही राहिला. म्हणजे वॉचमनला काढायची गरज मुळात नव्हतीच, माझा राग तेवढा होता.

निकाल असा की वरच्यांत आणि टेलच्यांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. फरक होता तो लागणीचा. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, सुरूचा बारा महिन्यांत तुटतो, खोडवा त्याहून हलका. ज्याने आडसाली जास्त लावला त्याचा एकरी ऊस जास्त, मग तो तालुका कुठलाही असो. दाजींनी निकाल ऐकला, पेनड्राइव्ह चंचीत टाकला, गाठ मारली आणि उठता उठता म्हणाले, "एवढं तर आमच्या बैलाला ठावं हाय."

व्याह्यांनी निकाल मान्य केलेला नाही. त्यांचं म्हणणं, जोडणारा माणूस इंदापूरकरांचा मेव्हणा आहे.

आता दोन्ही बाजूंनी पुढच्या हंगामाच्या पावत्या माझ्याकडेच यायच्या आहेत, आणि दाजींनी हौसेने आणखी दोन गावांत माझं नाव सांगून ठेवलं आहे. तेव्हा ज्यांना फायली पाठवायच्या असतील त्यांना विनंती: रकान्यांची नावं आधी आपसात ठरवा. क्षेत्र गुंठ्यांत लिहा नाहीतर आरमध्ये लिहा, दोन्हीत लिहू नका. वजनाच्या रकान्यात फक्त वजन लिहा. बैल बसला असेल, टायर फुटला असेल, पाहुणे आले असतील, तर त्यासाठी शेवटी शेऱ्याचा एक रकाना ठेवला आहे, हवं तेवढं लिहा. आणि सगळ्या फायली एकदम पाठवा.